दोन सेकंदांची ओळ

मंगळवार, ५ मार्च

डॉक्टरीणबाईंस,

फोन तू उचलत नाहीस. तुझी आत्या उचलते आणि 'ती बागेत आहे' असं सांगते. माझ्या बहिणीच्या घराला बाग नाही. दोन कुंड्या आहेत, त्यातली एक फुटकी. म्हणून हे पत्र. पत्र उशाशी पडून राहतं, त्याला बागेची सबब चालत नाही.

आज नऊला पहिल्या खोलीत गेलो. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी त्या सुमाराला पाय आपोआप तिकडे वळतात, हे तुला ठाऊक आहे. दारातून शिरल्यावर डावीकडे पहिली, म्हणून पहिली खोली. वाहनाखाली सापडलेला, छपरावरून पडलेला, यंत्रात ओढला गेलेला प्रत्येक माणूस आधी तिथेच येतो. खाटेच्या पायथ्याशी माझं स्टूल असतं. असायचं. आज तिथे मोकळी फरशी होती, फरशीवर स्टुलाच्या पायांचे चार डाग होते आणि समोरच्या भिंतीवर एक अवाढव्य घड्याळ. पांढरी तबकडी, लाल सेकंदकाटा. फलाटावर शोभलं असतं.

मोठ्या सिस्टरना विचारलं. माझ्या हाताखाली वाढलेली बाई, पण नजरेला नजर देईना. म्हणाली, "मॅडमनी जायच्या दिवशी स्वतः शिडीवर चढून लावलं. स्टूल सामानाच्या खोलीत ठेवायला सांगितलं."

बापाची अडचण होत होती तर तोंडावर सांगायचं होतं. फर्निचर हलवून काय सांगतेस?

त्या स्टुलाचा जन्म तू विसरलेली दिसतेस, म्हणून पुन्हा सांगतो. बेचाळीस वर्षांपूर्वी, मी नवाकोरा असताना, एक गवंडी परांचीवरून पडून आला. रक्तदाब झकास. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत राहिलो आणि तो आमच्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हा उमगलं की रक्त कमी पडलं की शरीर आधी हृदयाला आणि मेंदूला वाढतं. कातडी, आतडी, मूत्रपिंडं उपाशी ठेवतं. दाब मोजणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसतं. बडा घर पोकळ वासा. म्हणून मी पायथ्याला एक माणूस बसवला, यंत्राकडे पाठ करून. गुडघ्यांवर निळसर जाळी उमटते का हे त्याने बघायचं, लघवीच्या पिशवीत थेंब पडतात का हे बघायचं, आणि पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत लाल झालं तर रक्त टोकापर्यंत पोचतंय. नाही झालं तर यंत्र काहीही म्हणो, माणूस बुडतोय.

आता हे दोन सेकंद मोजायचे कसे? हातमोजे रक्ताने भरलेले, मनगटावरचं घड्याळ त्यांच्याखाली. म्हणून मी ओळ रचली. शाळेत बाकावर बोटं वाजवत कविता म्हणायचो त्या ठेक्यात, मोजून आठ अक्षरं.

*उगवतीला ये लाली*

नख सोडायचं, ओळ म्हणायची. ओळ संपायच्या आत लाली आली पाहिजे. आमचे गुरुजी म्हणायचे, पाठ केलेली कविता अडीअडचणीला उपयोगी पडते. ते विरहाबद्दल वगैरे बोलत असावेत. मी ती अंगठ्याला लावली, आणि किती पोरं ती घेऊन कुठे कुठे गेली! कधी एखाद्या परक्या गावातून पत्र यायचं, 'सर, आज ओळ कामी आली.' अशा पत्रांचा एक डबा भरलाय माझ्याकडे.

आणि माझ्याच लेकीने भिंतीला घड्याळ ठोकलं. ज्याला कविता येते त्याला घड्याळ लागत नाही, बाई.

तो माणूस दगावला त्याच्या चौकशी समितीला तू काय लिहून दिलंस तेही कानावर आलं. तो तुझा प्रश्न. मी त्या दिवशी नुसता बसलो होतो. माझं स्टूल मात्र मला जागेवर हवं.

आपला निवृत्त सेवक

रविवार, १० मार्च

डॉक्टरीणबाई,

पत्र मिळालं म्हणे. कुंडीचं वाक्य वाचून तू हसलीस असं आत्याने कळवलं. स्टुलाचं वाक्य वाचून काय केलंस ते तिने कळवलं नाही.

बावीस तारखेला समितीची शेवटची बैठक आहे. त्या दिवशी दोष तुझ्या नावावर पक्का झाला की पहिल्या खोलीत काय, कुठल्याच दवाखान्यात तुला अपघाताच्या माणसाला हात लावता येणार नाही. वीस वर्षांचं काम पाण्यात. आणि तू आत्याकडे कुंड्यांना पाणी घालतेस. तीन शब्द लिहून दिलेस समितीला: 'निर्णय माझा होता.' एवढंच. एवढा मोठेपणा कुणी सांगितला होता तुला? मला राग येतो तो या मोठेपणाचा. तुझी आई असती तर म्हणाली असती, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

त्या दिवशी काय झालं ते मला लख्ख आठवतं. सकाळचे दहा. भोंग्याला आणलं. सव्वीस वर्षं आपली रुग्णवाहिका चालवणारा माणूस, गाडीचा भोंगा बिघडला तर खिडकीतून डोकं काढून तोंडाने वाजवायचा म्हणून भोंगा. लोकांना आणून आणून ज्या खाटेवर घातलं, त्याच खाटेवर तो आला. उतारावर लावलेली स्वतःचीच गाडी मागे घसरली आणि भिंत नि गाडी यांच्यात त्याची कंबर सापडली. शुद्धीत होता. मला पायाशी बघितलं आणि म्हणाला, "काय साहेब, म्हातारपणी माझ्या पाया पडायची वेळ आली?" सगळी खोली हसली. तूही हसलीस.

दाब एकशे अठरा. मी नख दाबलं, सोडलं, ओळ म्हटली. लाली आली. ओळीच्या आत आली. तू रक्ताच्या तपासणीचा कागद घेऊन उभी होतीस. "बाबा, लॅक्टेट साडेपाच आहे," म्हणालीस. शरीराच्या कोपऱ्याकोपऱ्यात रक्त पोचेनासं झालं की हे आम्ल साठतं, हे मला तू शिकवू नयेस. पण कागद चुकतो. दंडाला पट्टा जास्त वेळ करकचून बांधला तरी चुकतो. अंगठा चुकत नाही. मी दिसलं ते सांगितलं. तुम्ही त्याला आधी स्कॅनला नेलंत. तिथे चाळीस मिनिटं गेली, आणि पोटात साठत आलेलं रक्त तिथेच त्याला घेऊन बसलं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचला तेव्हा उशीर झाला होता.

मुख्य तू होतीस. स्टुलावर बसणारा म्हातारा मुख्य नसतो.

अंगठा चुकत नाही याचा पुरावा हवा ना तुला? सोबत कॅसेट पाठवतोय. पस्तीस वर्षांपूर्वीचं माझं व्याख्यान. तू तेव्हा नऊ वर्षांची, शाळेला सुट्टी म्हणून पहिल्या बाकावर येऊन बसली होतीस. काहीही मोजायचा नाद होता तुला, पायऱ्या मोजायचीस, शेंगेतले दाणे मोजायचीस, आम्ही तुला मोजणीबाई म्हणायचो. मी वर्गाला ओळ म्हणून दाखवली आणि तू समोरच्या घड्याळाकडे बघून ओरडलीस, "दोन!" सगळा वर्ग हसला. ते हसणंसुद्धा आहे कॅसेटवर. मी काल हातातलं घड्याळ लावून ऐकलं. दोन म्हणजे दोन. पाव सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

हातच्या काकणाला आरसा कशाला? आत्याच्या माळ्यावर टेप आहे. ऐक आणि ते घड्याळ उतरवायला सांग.

तुझा बाप, नाइलाजाने

गुरुवार, १४ मार्च

कॅसेट परत आली. सोबत तुझी चिठ्ठी. 'ऐकली. आता तिच्याबरोबर म्हणून बघा.'

बस, एवढंच? मी पाच पानं लिहायची आणि तू एक ओळ खरडायचीस. तिच्याबरोबर म्हणून बघा! मी काय पहिलीतलं पोर आहे, बाईंच्या मागोमाग कविता म्हणायला? ती ओळ माझी आहे. माझ्या पोटातून आली आहे. म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट. काल भोंग्याची बायको, आपल्या वहिनी, आल्या होत्या. दुपारी दार वाजलं, बघतो तर या. चपला बाहेर काढल्या, खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत. तक्रार त्यांनीच केली आहे, त्यामुळे मला वाटलं भांडायला आल्या. तसं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती.

"साहेब, तुम्ही त्यांच्या पायाशी होता ना? पाय गार होते का हो त्यांचे?"

म्हणाल्या, घरी भोंगा नेहमी सांगायचा की साहेब पायाशी बसले की माणूस निम्मा वाचला. त्यामुळे त्यांना काही केल्या पटत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात चूक माझी. पण साहेब तिथे असताना चूक झालीच कशी? तुम्ही तेव्हा काय म्हणालात?

मी त्यांना तेच सांगितलं जे समितीला लिहून दिलं आहे. 'मी केवळ उपस्थित होतो. उपचारांबाबतचा कोणताही निर्णय मी घेतलेला नाही.' त्यातलं एक अक्षर खोटं नाही. तू तपासून बघ, नाही सापडणार.

वहिनी उठल्या. दारात म्हणाल्या, "मी पाय विचारले होते, साहेब."

आता त्या गेल्यापासून मला तुझा राग येतोय. त्यांचा नाही, तुझा. तुला समितीला सांगता आलं असतं. 'माझ्या वडिलांनी मला अडवलं' असं म्हणायला जीभ झडली होती का? तू म्हणाली असतीस तर मी खोडून काढलं असतं, आपण भांडलो असतो, लोकांनी बघितलं असतं, काय ते एकदाचं झालं असतं. तू गप्प बसलीस. गप्प बसून मला त्या कागदाखाली गाडलंस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणशील. म्हण. निदान काहीतरी म्हण!

बाबा

शनिवार, १६ मार्च

पोरी,

म्हटली.

आज सकाळी. दार लावून घेतलं, जसा काही चोरी करतोय. टेपचं बटण अंगठ्याने दाबून धरावं लागतं, नाहीतर ते सुटतं. आधी खोकला आला, मग बाकांची खरखर, मग माझा आवाज. चौतीस वर्षांचा मी. काय घाई त्या आवाजाला! 'नख सोडा, आणि म्हणा,' तो म्हणाला. मी त्याच्याबरोबर सुरू केलं.

माझं 'उगवतीला' पुरतं झालं नव्हतं आणि तुझा आवाज आला, "दोन!" वर्ग हसला. मी 'ती' वर होतो. तो 'ती' मी लांबवतो, तुला माहीत आहे, तिथे मला नेहमी डोंगरामागचं फटफटणारं आभाळ दिसतं. पुढे 'ला ये' मध्ये थोडं थांबतो. वर्गाचं हसू संपून तो माणूस पुढचं वाक्य बोलायला लागला तेव्हा माझी लाली आली.

सहा वेळा म्हटली. मुद्दाम भराभर म्हणायला गेलो तर ती मला ओळच वाटेना. माझ्या चालीने साडेचार सेकंद लागतात.

बेचाळीस वर्षं मी ती रोज म्हणत आलो आणि ती वर्षावर्षाला थोडी थोडी लांबत गेली. शिकून गेलेल्या पोरांनी ती दोन सेकंदांचीच नेली. माझ्याजवळच तेवढी म्हातारी झाली. मी तिच्यावर प्रेम करत बसलो, मोजायचं काम सोडून. भोंग्याचं नख चार सेकंदांनी लाल झालं असणार, आणि मी 'ओळीच्या आत' म्हणून मान डोलावली.

आणखी एक. तुला लिहिताना मी ते दोन्ही वेळा गाळलं. पाय गार होता. घोट्यापासून खाली गार, नळाखाली धरल्यासारखा. मला हाताला लागलं. मी मनात म्हटलं, बूट आत्ताच काढलेत, फरशीचा गारवा असेल. गुडघ्यावर जाळीही होती. पिशवीत थेंब नव्हते. सगळं माझ्याच यादीतलं. पण ओळीने 'ठीक' सांगितलं होतं, आणि ओळ माझी होती.

तू म्हणालीस, "बाबा, रक्त लावून थेट वर शस्त्रक्रियेला नेते." आणि मी काय म्हणालो तेही लिहितो, कारण समितीच्या कागदावर ते नाही. मी म्हणालो, "कागदावर माणूस कापायचा नसतो. लाली येतेय. आधी स्कॅन करून आण." तू कागदाकडे बघितलंस. मग माझ्याकडे. कागद घडी करून खिशात टाकलास. चाळीशी उलटलेली, वीस वर्षं अनुभवाची डॉक्टर, भर खोलीत बापापुढे नऊ वर्षांची झालीस. मला ते दिसलं होतं. बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

राग तुझा येतो अजून. त्या दिवसापासून तुला सगळं माहीत होतं ना? म्हणून घड्याळ. स्टूल काढलंस ते अंगठ्यावरून विश्वास उडाला म्हणून नाही, माझ्या चालीवरून. आणि हे मला तोंडावर सांगायचं सोडून तू शिडीवर चढलीस. बापाला लाज वाटू नये म्हणून स्वतःची डॉक्टरकीची सनद पणाला लावलीस. कुणी मागितली होती ही दया? मी मागितली होती? म्हाताऱ्यांना असं सांभाळत गेलात तर आम्ही आणखी माणसं मारू.

या क्षणी तू समोर असतीस तर टेप फेकून मारला असता. आणि मग स्वतःच उचलून आणला असता.

बाबा

शुक्रवार, २२ मार्च

माझ्या लेकी,

आज बैठकीला गेलो. तुझी खुर्ची रिकामी होती. 'आणखी काही सांगायचं नाही' असं तू लिहून पाठवलेलं त्यांनी वाचून दाखवलं. बरं केलंस आली नाहीस. मला अडवलं असतंस.

तिघे जण होते. अध्यक्ष म्हणजे तो, तुझ्या लहानपणी आपल्याकडे जेवायला यायचा आणि भात संपवून जायचा तो. आता टक्कल पडलंय. मी माझा आधीचा कागद मागून घेतला आणि म्हटलं, हा शब्दांनी खरा आणि माणसाने खोटा आहे. मग सगळं सांगितलं. लॅक्टेट, वर नेते म्हणालीस ते, मी अडवलं ते, गार पाय. त्याने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "सर, म्हणून दाखवता?"

म्हटली. माझ्या चालीने, लाज सोडून. त्याने घड्याळ लावलं होतं. 'साडेचार,' त्याने कागदावर लिहिलं. मग पेन ठेवून त्याने स्वतः म्हटली, हळू आवाजात. दोन. "तुम्हीच शिकवलीत," म्हणाला.

निर्णय लेखी येईल. तुझी सनद सुटेल असं त्याच्या तोंडावरून वाटलं, पण कागद चुकतो तसा चेहराही चुकतो. मला पहिल्या खोलीत पाऊल टाकायला मनाई होईल, तशी मीच विनंती केली आहे. तू मात्र सुटून निघणार नाहीस. कागद हातात असताना तो खिशात टाकलास, हे मी सांगितलं. रागावशील. रागाव.

वहिनी बाहेर बाकावर होत्या. त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं. "गार होते. मला कळलं होतं." त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे सांगायला दोन महिने लागले तुम्हाला? आणि तेवढे दिवस पोरीला एकटीला उभं केलंत?" मग म्हणाल्या, भोंग्याला बूट काढलेले आवडायचे नाहीत, पाय लगेच गार पडायचे म्हणून. आणि निघून गेल्या. माफ केलं असं मुळीच समजू नकोस. मीही समजत नाही.

निघताना शेवटचं एकदा पहिल्या खोलीकडे गेलो. आत नाही, उंबऱ्यापर्यंत. स्टूल पायथ्याशी होतं. मोठ्या सिस्टरना काय झालं ते कळलं असावं, किंवा तू आधीच सांगून ठेवलं असशील की म्हातारा खरं बोलला की स्टूल बाहेर काढा. विचारलं नाही. त्यावर एक नवी सिस्टर बसली होती, यंत्राकडे पाठ आणि घड्याळाकडे तोंड करून. खाटेवर शिडीवरून पडलेली एक बाई होती. पोरीने अंगठ्याचं नख दाबलं. सोडलं. तिचे ओठ हलत होते, म्हणजे ओळ अजून शिकवतात. मीही दारातून सुरू केली, सवयीने.

मी 'ती' वर होतो आणि ती म्हणाली, "दोन."

बाई ठीक होती. उरलेली ओळ मी गिळून टाकली. मोठा घास होता.

ये आता. भिंतीवरचं ते घड्याळ तू चार मिनिटं पुढे लावलं आहेस, मोजणीबाई, आणि इथे कुणी शिडीवर चढायला तयार नाही. सेकंदकाटा बरोबर आहे, म्हणतात. मिनिटांचं बघायला तुलाच यावं लागेल.

बाबा